स्पॅगेटी मिळून येते ती कशी



१ एप्रिल १९५७ रोजीं इंग्लंडांत बी. बी. सी. नें आपल्या 'पॅनोरामा' या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत एक लहानसा बोलपट दाखविला. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडील तिचिनो प्रांतांत एक शेतकरी कुटुंब झाडांच्या फांद्यांवरून लोंबणारे स्पॅगेटीचे धागे तोडून टोपल्यांत भरीत आहे व ते उन्हांत वाळत घालीत आहे, असें दृश्य त्यांत होतें. रिचर्ड डिंबल्बी यांच्यासारख्या भारदस्त निवेदकाचा गंभीर आवाज त्या दृश्याची माहिती सांगत होता. एप्रिलची पहिली तारीख पुष्कळांच्या ध्यानींच आली नाहीं. स्पॅगेटीचें झाड घरीं कसें लावावें, अशी चौकशी कांहीं प्रेक्षकांनीं केली. आणि स्पॅगेटीची एक काडी टोमॅटोच्या सॉसच्या डब्यांत खोवून ठेवा व काय होतें तें पाहा, असें उत्तर त्यांना मिळालें.

ही हकीकत ऐकून आपण हंसतों. पण त्या काळच्या इंग्लंडांत स्पॅगेटी हा बहुतेकांना डब्यांतून बाहेर येणारा पदार्थ होता. तो मुळांत कशाचा होतो हें ठाऊक असण्याचें त्यांना कारण नव्हतें. आपल्याकडे आज स्पॅगेटीचा पुडा वाण्याच्या दुकानांत सहज मिळतो, मुलें ती आवडीनें मागतात, आणि घरोघरीं ती होतेहि. तथापि आपणहि तिला झाडावरून उतरलेली वस्तु समजूनच वागवितों, असें मला पुष्कळदां वाटतें. ती कशाची आहे याचा विचार न करतां आपण ती शिजवितों, आणि मग ती बिघडली कीं वरून मसाला वाढवितों. आज मी जें सांगणार आहें तें तिच्या बिघडण्याविषयीं आहे, आणि त्यांतला बराचसा अनुभव माझा स्वतःचा आहे.

पंधरा-एक वर्षांपूर्वीं पुतण्या परीक्षेंत उत्तम तऱ्हेनें उत्तीर्ण झाला आणि त्यानें स्पॅगेटीची मागणी केली. बारा माणसांची पंगत होती. मीं मोठ्या उत्साहानें पुढाकार घेतला. काड्या मोडून पातेल्यांत टाकल्या, खिरीच्या शेवया शिजवाव्या तशा मऊ होईपर्यंत शिजविल्या, चाळणींत ओतल्या, चिकटूं नयेत म्हणून नळाखालीं धरून थंड पाण्यानें धुतल्या, आणि कांदा, लसूण व गरम मसाला घालून केलेला टोमॅटोचा रस्सा त्यांच्यावर ओतला. पानांत वाढल्यावर थोड्याच वेळांत तांबडें पाणी एकीकडे आणि पांढरा गोळा दुसरीकडे, अशी त्यांची फारकत झाली. मुलें मुकाट्यानें जेवलीं. मुलांनीं मुकाट्यानें जेवणें म्हणजे काय, हें ज्यांच्या घरीं मुलें आहेत त्यांना सांगावयास नको.

माझ्या वडील वहिनी त्या वेळीं घरांत होत्या. कोल्हापूरकडच्या, उन्हाळा लागला कीं शेवयांच्या पाटावर बसून केंसासारखी बारीक शेवई ओढणाऱ्या. त्यांनीं दोन घांस खाल्ले आणि म्हटलें, "भाऊजी, चव आहे हो, पण मिळून आलं नाहीं." मीं कांहीं बोलणार तोंच त्यांनीं विचारलें, "हिची पेज कुठं गेली?" मीं सांगितलें, ओतून दिली. "मग मिळून यायचं कशानं?"

पुढें या विषयावरचीं पुस्तकें मीं वाचलीं, इटालियन स्वयंपाक्यांच्या कृति अभ्यासिल्या. परंतु स्पॅगेटीचें सारें शास्त्र त्या एका प्रश्नांत जसें आलें तसें मला दुसरीकडे कोठें आढळलें नाहीं. इटालियन भाषेंत या मिळून येण्याला 'मान्तेकातूरा' असें नांव आहे. सॉस आणि स्पॅगेटी हे दोन निरनिराळे पदार्थ नसून शेवटचीं दोन मिनिटें ते एकाच कढईंत, एकाच आंचेवर, थोड्याशा पेजेंत एकजीव व्हावे लागतात. सगळी मख्खी येथें आहे. बाकीच्या गोष्टी या दोन मिनिटांच्या तयारीसाठीं असतात.

पेज कशाची, हें समजण्यासाठीं स्पॅगेटी कशाची हें पाहिलें पाहिजे. तिच्यांत दोनच जिन्नस असतात : ड्यूरम जातीच्या कठीण गव्हाचा रवा आणि पाणी. 'स्पागो' म्हणजे सुतळी. 'स्पॅगेटी' म्हणजे बारीक सुतळ्या. वाळवून विकावयाची ही पास्ता ड्यूरम गव्हाच्या रव्याचीच असली पाहिजे, असें बंधन इटलीनें १९६७ च्या कायद्यानें आपल्या कारखानदारांवर घातलें. हा गहूं आपल्याला परका नाहीं. आपल्याकडचा बक्षी किंवा बन्सी गहूं याच जातीचा. आणि शेवयांना बक्षीच हवा असा जाणत्या बायकांचा आग्रह असे तो याच कारणासाठीं. साध्या मैद्याच्या पिठांतील पिष्टसत्त्व उकळत्या पाण्यांत चटकन् सुटतें आणि सगळा लगदा होतो. ड्यूरमच्या रव्यांत प्रथिनांचें जाळें घट्ट असतें, तें पिष्टसत्त्वाच्या कणांना धरून ठेवतें आणि थोडेंच बाहेर सोडतें. तें बाहेर आलेलें थोडें पिष्टसत्त्व हीच वहिनींची पेज. म्हणून पुडा घेतांना मागची बाजू वाचावी. ड्यूरम गव्हाचा रवा असें लिहिलेलें असेल तोच घ्यावा. मैदा लिहिला असेल तर ती स्पॅगेटी कितीहि जपून शिजविली तरी चिकटच होणार.

आणखी एक खूण सांगतों. चांगल्या स्पॅगेटीची काडी हातांत घेतली तर ती खडबडीत, पीठ भुरभुरल्यासारखी पांढुरकी दिसते. कांचेच्या नळीसारखी गुळगुळीत व चकचकीत नसते. कणीक ज्या भोंकांतून दाबून काढतात तीं भोंकें कांशाचीं असलीं कीं हा खडबडीतपणा येतो, टेफ्लॉनचीं असलीं कीं येत नाहीं. खडबडीत काडीला सॉस धरतो, आणि ती पाण्यांत पिष्टसत्त्वहि अधिक सोडते. नेपल्सजवळच्या ग्रान्यानो गांवीं पूर्वीं रस्त्यांतून काठ्यांवर स्पॅगेटी वाळत घालीत. डोंगराची हवा आणि समुद्राचा वारा त्या गांवाला दोन्हीकडून मिळतो. तेथील पास्तेला २०१३ सालीं युरोपीय संघानें भौगोलिक नांवाचें संरक्षण दिलें. आपल्या अंगणांत बाजेवर वाळणाऱ्या शेवया ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांना ग्रान्यानोचीं जुनीं छायाचित्रें पाहून घरीं आल्यासारखें वाटेल. आपल्या लग्नघरांतून गव्हले, मालत्या, नखोल्या, फणोल्या होत असत. त्यांतली फणोली फणीवर वळावयाची. इटलींतहि 'गार्गानेल्ली' नांवाचा एक प्रकार फणीसारख्या साधनावरच वळतात. हा एकमेकांचा गुण लागला असें मात्र कोणी समजूं नये. कठीण गव्हाची कणीक हाताशीं असली आणि दुपार मोकळी असली म्हणजे माणसांची बोटें बहुधा असेंच कांहीं करीत असावींत.

उसनवारीचा विषय निघाला म्हणून सांगतों. मार्को पोलोनें पास्ता चीनमधून आणली ही गोष्ट अजून सांगितली जाते, ती खरी नव्हे. तो परत आला १२९५ सालीं. अल्-इद्रिसी या अरब भूगोलकारानें ११५४ सालींच लिहून ठेवलें आहे कीं, सिसिली बेटावर पालेर्मोजवळच्या त्राबिया येथें 'इत्रिय्या' नांवाचा शेवयांसारखा वाळविलेला पदार्थ मोठ्या प्रमाणांत होतो आणि जहाजांतून दूरदूरच्या देशांत जातो. जिनोव्हाच्या एका लेखनिकानें १२७९ सालीं केलेल्या मालमत्तेच्या यादींतहि 'माकारोनी'नें भरलेल्या टोपलीची नोंद आहे. तेव्हां ही मूळची वाळवणाची, टिकाऊ, प्रवासाची वस्तु आहे. पेटाऱ्यांत ठेवून महिनेच्या महिने समुद्रावर न्यावी अशी.

आतां चुलीकडे वळूं.

माणशीं किती घ्यावी? इटलींत स्पॅगेटी हें संपूर्ण जेवण नसून जेवणाचा पहिला भाग असतो, आणि माणशीं ८० ग्रॅमच्या आसपास कोरडी स्पॅगेटी पुरेशी समजतात. शिजून तिचें वजन दुपटीहून कांहींसें अधिक होतें. आपल्या घरीं ती एकटीच जेवण म्हणून असेल तर १०० ग्रॅम धरावी. १९३० च्या डिसेंबरांत मारिनेत्ती नांवाच्या कवीनें, पास्ता खाऊन इटालियन माणूस सुस्त झाला आहे, ती बंदच केली पाहिजे, असा जाहीरनामा काढला होता. इटलीनें तो मनावर घेतला नाहीं. पण ताटांत स्पॅगेटीचा डोंगर रचणाऱ्यांना मारिनेत्तीची आठवण द्यावी असें मला कधींकधीं वाटतें.

पाण्याचें जुनें प्रमाण असें : १०० ग्रॅम स्पॅगेटीला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. पाणी समुद्रासारखें खारट असावें असें पुष्कळ ठिकाणीं लिहितात, तें अक्षरशः घेऊं नये. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम मीठ असतें. तसल्या पाण्यांत शिजलेली स्पॅगेटी तोंडांत धरवणार नाहीं. मी लिटरला ८ ग्रॅमच घालतों, म्हणजे चहाचा चमचा सव्वा ते दीड. कारण त्यांतलें थोडें पाणी पुढें सॉसमध्यें जावयाचें असतें. पण मीठ पाण्यांतच घालावें. काडी पाणी पितांना मीठहि आंत घेते. नंतर वरून घातलेलें मीठ वरच राहतें, आणि खाणाऱ्याला सॉस खारट व स्पॅगेटी अळणी लागते. पाण्यांत तेल मात्र घालूं नये. तें पाण्यावर तरंगत राहतें, चिकटणें थांबवीत नाहीं, आणि निथळतांना काड्यांना लागून सॉसला मात्र निसटावयास लावतें.

पाणी इतकें हवेंच का, असा प्रश्न अलीकडे शास्त्रज्ञांनीं उपस्थित केला आहे. हॅरल्ड मॅकगी यांनीं २००९ सालीं न्यूयॉर्क टाइम्समध्यें लिहून दाखविलें कीं, बऱ्याच कमी पाण्यांतहि स्पॅगेटी उत्तम शिजते. फक्त ढवळण्याकडे लक्ष हवें. माझा अनुभव त्यांच्या बाजूचा आहे. ३०० ग्रॅमला मी दोन लिटर पाणी पसरट पातेल्यांत घेतों. गॅस वांचतो, आणि मुख्य म्हणजे पेज दाट मिळते. चिकटण्याचा धोका पहिल्या दोन मिनिटांत असतो, कारण काडीच्या पृष्ठावरचें पिष्टसत्त्व तेव्हां फुगून चिकट होतें. तेवढा वेळ चिमट्यानें किंवा काट्यानें सारखें हालवीत राहिलें कीं पुढें ती आपली आपण मोकळी राहते. गॅसच्याच संदर्भांत २०२२ सालीं इटलींत मोठा वाद झाला. पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळविणारे जॉर्जो पारिसी यांनीं, पाणी उकळून पास्ता टाकल्यावर थोड्या वेळानें गॅस बंद करावा आणि झाकण घट्ट ठेवून शिजूं द्यावें, या सूचनेचा पुरस्कार केला, आणि स्वयंपाक्यांनीं कपाळाला आंठ्या घातल्या. तात्त्विक दृष्ट्या पारिसींचें म्हणणें बरोबर आहे. पिष्टसत्त्व शिजावयास उकळी लागत नाहीं, ६०-७० अंशांची उष्णता पुरते. पण वेळ मोजणें कठीण होतें, आणि पातळ पत्र्याच्या पातेल्यांत पाणी लवकर निवतें. जाड बुडाचें भांडें असेल त्यानें करून पाहावें.

काड्या पातेल्यांत मावत नाहींत म्हणून आपण मोडतों. तसें करूं नये. कांट्याला गुंडाळावयास लांबी लागते, आणि काट्यापूर्वींच्या काळांत नेपल्सचे लोक रस्त्यावर मान वर करून हातानें ती तोंडांत सोडीत, त्यांनाहि लांबीच हवी होती. काड्यांचीं टोंकें पाण्याबाहेर राहिलीं तर राहूं द्यावींत. अर्ध्या-एक मिनिटांत खालचा भाग मऊ होऊन तीं आपोआप आंत येतात. मोडण्यावरून आठवलें : स्पॅगेटीची कोरडी काडी दोन्ही टोंकांना धरून वांकविली तर तिचे दोनच तुकडे सहसा होत नाहींत, तीन-चार होतात. रिचर्ड फाइनमनसारखा शास्त्रज्ञ या कोड्यांत गुंतला होता. २००५ सालीं दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनीं त्याचा उलगडा केला : काडी एके ठिकाणीं मोडली कीं मोडल्या जागेपासून वांकणाची लाट उरलेल्या तुकड्यांतून धांवते आणि तीच त्याला पुन्हां मोडते. मुलांना हा प्रयोग एकदां दोन काड्यांवर करूं द्यावा. म्हणजे उरलेला पुडा शाबूत राहतो.

आतां शिजली कशी ओळखावी? येथें आपल्या अंगवळणीं पडलेली परीक्षा उपयोगी पडते, पण उलट्या बाजूनें. भाताचें शीत आपण बोटानें चेपतों, आणि मध्यें कणी राहिली असेल तर भात कच्चा म्हणतों. स्पॅगेटींत ती कणी थोडी राहिली पाहिजे. काडी दांतांनीं तोडून कापलेल्या टोंकाकडे पाहावें. मध्यभागीं सुईच्या टोंकाएवढा पांढरा ठिपका दिसेल. तो दिसत असतांनाच ती पाण्याबाहेर काढावी. 'आल् देंते', म्हणजे दांताला लागेल अशी, हा शब्द सर्वांनीं ऐकलेला असतो. पण तो पानांतल्या स्पॅगेटीसंबंधीं आहे हें लक्षांत राहत नाहीं. पाण्यांतून काढतांना ती त्याहून दोन मिनिटें मागें असली पाहिजे. तीं दोन मिनिटें ती कढईंत शिजावयाची असते. पुड्यावर दहा मिनिटें लिहिलीं असतील तर आठव्या मिनिटाला काढावी. महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणीं पाणी चार-साडेचार अंश आधींच उकळतें, तेथें वेळ थोडा अधिक धरावा.

निथळण्यापूर्वीं वाटीभर पेज बाजूला काढावी. मी तर चाळणी वापरीतच नाहीं. चिमट्यानें उचलून ओलीच सरळ कढईंत टाकतों आणि पेज पातेल्यांतच ठेवतों. आपल्याकडे भात वेळतांना वेळणीखालीं भांडें धरून पेज राखतातच. पेज फुकट घालविणें हा आपल्या स्वयंपाकघराचा रिवाज कधींच नव्हता. तो मीं परदेशी पदार्थ करतांना कां विसरलों, हें कोडें मला अजून उलगडलेलें नाहीं.

आतां सॉस. पहिल्यांदा करावयाची ती 'आल्यो ए ओल्यो', म्हणजे लसूण व तेल यांची, असा माझा आग्रह आहे. तिच्यांत लपावयास जागा नाहीं. चौघांसाठीं लसणीच्या पांच-सहा जाड पाकळ्या, ऑलिव्ह तेल पाऊण ते एक लहान वाटी, एक-दोन सुक्या मिरच्या, आणि असेल तर पार्सलीची मूठभर पानें. कोथिंबीर घालूं नये. ती चांगली लागते, पण मग दुसरें कांहीं लागत नाहीं.

आणि येथें आपला हात आपल्याला फसवितो. तेल म्हटलें कीं आपल्याला फोडणी आठवते. तेल कडकडीत तापवावें, मोहरी तडतडावी, लसूण तांबूस व्हावी, असें आपल्या बोटांनीं शेंकडों वेळां केलेलें असतें. या कृतींत तेल तापवावयाचेंच नाहीं. थंड तेलांत लसणीच्या पातळ चकत्या घालाव्या, मग कढई अगदीं मंद आंचेवर ठेवावी, आणि वाट पाहावी. फोडणींत वास एकदम उठतो व घरभर जातो; येथें तो हळूहळू तेलांत उतरला पाहिजे, घरांत जाऊन उपयोग नाहीं. पांच-सहा मिनिटांनीं चकत्यांच्या कडेला बारीक बुडबुडे येतात आणि त्या फिकट पिवळ्या होतात. त्याच क्षणीं मिरची घालावी आणि लागलीच डावभर पेज ओतावी, म्हणजे तापमान खालीं येतें. चकत्या तपकिरी झाल्या कीं तेल कडू झालें असें समजावें; तें टाकून पुन्हां करावें, कारण वरून कांहींहि घातलें तरी तो कडवटपणा जात नाहीं. मीं सुरुवातीला तीनदां तेल फेंकलें आहे, आणि ऑलिव्ह तेलाचा भाव पाहतां तें शिक्षण स्वस्त नव्हतें. ऑलिव्ह तेल परवडत नसेल तर घाण्याचें शेंगदाण्याचें तेल घ्यावें. चव वेगळी होते, पण वाईट होत नाहीं. वास नसलेल्या शुद्धीकृत तेलापेक्षां तें शतपटीनें बरें. मिरची कोणती हें आपापल्या जिभेवर आहे. ब्याडगी रंग देईल, लवंगी डोळ्यांतून पाणी काढील. मिरची इटलीला आणि आपल्याला सारखीच परकी. अमेरिकेहून दोघांकडे आली, आणि दोघांनींहि ती स्वतःची मानली.

आतां तीं दोन मिनिटें. ओली स्पॅगेटी कढईंत टाकून आंच मोठी करावी, आणखी डावभर पेज घालावी, आणि चिमट्यानें सारखी उचलून-फिरवून घ्यावी. पहिल्यांदा तेल वर आणि पाणी खालीं असें स्पष्ट दिसतें, आणि मन खचतें. खचूं देऊं नये. तेलाचे थेंब हालविण्यानें बारीक होत जातात आणि पेजेंतलें पिष्टसत्त्व त्यांना पुन्हां एकत्र येऊं देत नाहीं; ताकांत बेसन लावल्यावर कढी फुटत नाहीं, तिच्याच जवळपासची ही क्रिया आहे. पाहतां पाहतां खालचें पाणी दुधाळ होतें, मग दाट होतें, आणि प्रत्येक काडीवर पातळ तकतकीत थर चढतो. चिमटा कढईच्या बुडावरून ओढला तर रेघ क्षणभर उघडी राहून हळूच मिटली पाहिजे. कोरडें वाटलें तर चमचाभर पेज, पातळ वाटलें तर आणखी थोडी आंच. तेल कडेला वेगळें सुटलेलें दिसेनासें झालें कीं ती मिळून आली. मग एक क्षणहि ठेवूं नये. जेवणाऱ्यांनीं पानावर बसून वाट पाहावी, स्पॅगेटीनें त्यांची पाहूं नये.

टोमॅटोची करावयाची तर तत्त्व हेंच. आज टोमॅटोवांचून स्पॅगेटी डोळ्यांपुढें येत नाहीं. पण टोमॅटो युरोपांत सोळाव्या शतकांत पोंचला, आणि पास्तेबरोबर टोमॅटोच्या सॉसची कृति छापलेली सांपडते ती लेओनार्दी यांच्या १७९० सालच्या ग्रंथांत. म्हणजे आधींचीं कित्येक शतकें ती टोमॅटोवांचूनच खाल्ली जात होती. आपले टोमॅटो पुष्कळदां पाणीदार व आंबट असतात. पूर्ण पिकलेले घ्यावे, उकळत्या पाण्यांत बुडवून साल काढावी, हातानें कुस्करावे, आणि वरीलप्रमाणेंच मंद लसणीच्या तेलांत वीस मिनिटें झांकण न ठेवतां आटवावे. गरम मसाला नको. आंबटपणा फारच असेल तर चिमूटभर साखर घालण्यास माझी हरकत नाहीं. इटालियन माणूस समोर नसावा म्हणजे झालें. पानें 'बाझिलिको'चीं हवींत. त्यांऐवजीं तुळस घालतात, ती चालत नाहीं; तिचा वास लवंगेच्या बाजूचा आहे. पण फालुद्यांत घालतात तो सब्जा त्याच बाझिलिकोच्या जातीचें बीं आहे. कुंडींत पेरला तर उगवतो, आणि त्याचीं पानें, वासाला किंचित् उग्र असलीं तरी, पुष्कळ जवळचीं लागतात.

चीजसंबंधीं एक गोष्ट शाकाहारी श्रोत्यांना सांगणें माझें कर्तव्य आहे. पार्मिज्यानो आणि पेकोरिनो रोमानो हीं दोन्ही अस्सल चीजें करतांना दूध विरजण्यासाठीं वासराच्या किंवा कोंकराच्या जठरांतील रेनेट वापरतात. ज्यांना तें वर्ज्य असेल त्यांनीं वनस्पतिज किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचें, तसें लेबल असलेलें कठीण चीज घ्यावें. लसूण-तेलाच्या स्पॅगेटीला चीज मुळींच लागत नाहीं. रोममध्यें नुसतें पेकोरिनो आणि काळीं मिरीं घालून एक स्पॅगेटी करतात, ती दिसावयास सर्वांत सोपी आणि करावयास सर्वांत अवघड; चीज तापलें कीं त्याच्या गुठळ्या होतात. इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनीं २०२५ सालीं यावर निबंधच प्रसिद्ध केला. चीजच्या वजनाच्या शेंकडा २ ते ३ इतकें पिष्टसत्त्व असलें कीं गुठळ्या होत नाहींत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वहिनींच्या भाषेंत सांगावयाचें तर पेज दाट हवी.

वहिनींचें वय आतां ऐंशीच्या पुढें गेलें आहे. गेल्या दिवाळींत मीं त्यांना लसूण-तेलाची स्पॅगेटी करून वाढली. कणी अगदीं बेताची राहिली होती, काड्यांवर चकाकी होती, पानांत पाण्याचा थेंब नव्हता. मी मनांतून फार खूष होतों. त्यांनीं एक घांस घेतला, बराच वेळ घोळविला, आणि म्हणाल्या, "मिळून आलंय हो. पण भाऊजी, हिला माझे दांत कुठले पुरायला?" मीं त्यांचें पान उचललें, कढईंत परत टाकलें, आणखी डावभर पेज घातली आणि चार मिनिटें शिजूं दिली. कणी गेली. कोणत्याहि इटालियन स्वयंपाक्यानें ती पसंत केली नसती. वहिनींनीं पान स्वच्छ केलें, आणि उरलेल्या पेजेचें काय करणार म्हणून विचारलें. आमटींत घालीन, म्हणून मीं सांगितलें.

स्पॅगेटी उरली तर ती पुन्हां गरम करूं नये; पुन्हां पाणी घातलें कीं तिचा लगदा होतो. नेपल्समध्यें उरलेली स्पॅगेटी फेटलेल्या अंड्यांत कालवतात, मीठ-मिरीं व असेल तें चीज घालतात, आणि तेल लावलेल्या तव्यावर थापून दोन्ही बाजूंनीं तांबूस करतात. चौघांच्या उरलेल्या स्पॅगेटीला चार अंडीं पुरतात. खालची बाजू सुटली कीं वर ताट पालथें घालून तवा उलटा करावा आणि दुसरी बाजू सरकवून द्यावी. ही पोळी शिळ्या पोळीच्या कुटक्यासारखीच दुसऱ्या दिवसाची वस्तु आहे. ती थंडहि उत्तम लागते, आणि आगगाडीच्या प्रवासांत डब्यांतून नेण्यास सोयीची पडते.